पिवळं दिसलं की युरिया? आधी खुरपं घ्या



भाताच्या पानावर आज लॉनचं काय काढलं, असं म्हणाल. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्याच खाचराशी येऊन थांबतो.

राजगडाला पाली दरवाजाने चढणाऱ्यांना आमचं गाव माहीत आहे. पायथ्याला पाली, वर गड, आणि मधल्या उतारावर जिथे आमच्या आज्याने वरई-नाचणी केली त्या वरकस जमिनीवर आता पुण्याच्या लोकांची फार्महाऊस उभी राहिलीत. फार्महाऊस म्हटलं की लॉन आलंच. आणि लॉन आलं की त्याला सांभाळायला गावातला माणूस लागतो. आमच्या भागात कितीतरी घरातला एक जण असं कुणाचं तरी लॉन बघतो. मीही बघतो. पाच गुंठ्यांचं आहे. भाताचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात, लॉनचे दर महिन्याला.

गंमत अशी की हे लॉन म्हणजे दुसरं काही नाही, हरळी! नर्सरीवाले बर्म्युडा म्हणून विकतात ती आपली हरळीच, गणपतीच्या दूर्वा. आमच्या आईचा जन्म बांधावरची हरळी उपटण्यात गेला आणि मी पगार घेऊन तीच हरळी जगवतो. आई अजून हसते.

तर मुद्दा. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या मध्याला पावसाने उघडीप दिली आणि लॉनवर पिवळे चट्टे दिसायला लागले. एक-दोन नाही, आठ-दहा. मालकांना फोटो पाठवला. तिकडून निरोप आला, "खत कमी पडलंय, युरिया मारा."

मला आतून वाटत होतं की हे खताचं काम नाही. खत कमी पडलं तर सगळं लॉन सारखं फिकं पडेल, असे ठिपके-ठिपके कशाला होतील? पण बोललो नाही. साहेबांनी सांगितलंय, आपण कशाला आडवं जा. बादलीत युरिया घेतला आणि प्रत्येक चट्ट्यावर मूठ-मूठ टाकत गेलो.

आता हिशोब बघा. लॉनला एका वेळी गुंठ्याला किलोभर युरिया खूप झाला. म्हणजे चौरस फुटाला एक ग्रॅम. माझ्या मुठीत चाळीसेक ग्रॅम तरी बसतो. एक ग्रॅमच्या जागेवर मी चाळीस ग्रॅम टाकला आणि वर स्प्रिंकलर लावला तो पण संध्याकाळी. आठवड्यात काही चट्टे करपून तपकिरी झाले आणि काही दुप्पट पसरले.

मग मालकांनी बाहेरून एक जण आणला. त्याने गेटजवळ उभ्या-उभ्या बघितलं आणि यादी लिहून दिली. एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक टॉनिक. वर म्हणाला, "माझ्याकडे जुनं थिमेट पडून आहे, तेही टाकून घ्या, जमिनीतलं सगळं साफ होईल." थिमेट म्हणजे फोरेट. फोरेटवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. ते जुनं असो की नवं, वापरायचंच नाही.

आणि मला दुसरीच काळजी. लॉन उतारावर आहे, आणि उताराखाली सत्तर-ऐंशी फुटांवर आमची विहीर आहे. त्या विहिरीचं पाणी आमचं घर पितं, गुरं पितात, शेजारची दोन घरं पितात. आपल्याकडची माती तांबडी, मुरमाड. वरून ओतलेलं पाणी कुठे जातं ते सांगायला शास्त्रज्ञ नको. सप्टेंबरअखेरची एक सर आली असती तर ते सगळं आमच्या हंड्यात आलं असतं.

घरी येऊन आबांना सांगितलं. आबांनी शाळा चौथीपर्यंत केली. ते म्हणाले, "तू खाली बसून बघितलंस का? का उभ्यानेच बघितलंस?"

खरं सांगतो, लाज वाटली. तीन माणसांनी ते लॉन बघितलं होतं. एकाने फोटोत, एकाने गेटवरून, एकाने बादली हातात धरून. खुरपं कुणीच लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आणि मी गेलो. खुरपं, पहार आणि एक घमेलं, एवढंच सोबत. दोन तासांत कळलं की त्या पाच गुंठ्यांत एक नाही, पाच वेगवेगळे आजार होते. सगळ्यांचा रंग मात्र एकच, पिवळा. एकेक सांगतो.

१) गोधडीसारखं उचललं गेलेलं गवत

पोर्चच्या दिव्यांजवळचा मोठा चट्टा. गवत मुठीत धरून ओढलं तर गोधडीसारखं गुंडाळून वर आलं. खाली मुळंच नाहीत. माती दोन-तीन इंच उकरली तर पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. हुमणी! चौरस फुटात एखाद-दुसरी अळी असेल तर गवत सोसतं. इथे एका फुटात नऊ निघाल्या.

ही आली कुठून? मे महिन्यात मीच माझ्या उकिरड्यातलं एक ट्रॉली शेणखत लॉनवर पसरलं होतं. अर्धवट कुजलेलं. पहिल्या वळवाबरोबर हुमणीचे भुंगे जमिनीतून बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर पाला खातात आणि मादी ओलसर, शेणखताच्या जमिनीत अंडी घालते. वर पोर्चचे मोठे दिवे रात्रभर चालू. भुंगा उजेडावर येतो. म्हणजे आम्ही प्रकाश सापळा लावला होता, फक्त खाली पाण्याचं घमेलं ठेवायचं विसरलो होतो.

इथे एक सांगून ठेवतो. उकिरड्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. तिथे नारळावरच्या गेंड्या भुंग्याचीही जाडजूड अळी असते, ती कुजलेल्यावर जगते, जिवंत मुळं खात नाही. त्यामुळे उकिरडा उकरून घाबरू नका. जिथे मूळ तुटलंय तिथे अळी सापडते का, ते बघा.

उपाय काय केला? सप्टेंबरात अळी मोठी झालेली असते, औषधाला सहजी दाद देत नाही. महागाची बाटली तेव्हा ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आम्ही गवताची गोधडी उलटी केली, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या आणि उरलेल्या साळुंक्या-बगळ्यांसाठी तासभर उघड्या ठेवल्या. मग माती भुसभुशीत करून गवत परत बसवलं, पायाने दाबलं, पाणी दिलं. खरं औषध जूनमध्ये असतं. पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे संध्याकाळी साडेसात ते दहा दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं, बाकीचे दिवे बंद. झाडं हलवून भुंगे गोळा करायचे. आणि अळी लहान असताना, जून-जुलैत, ओल असताना, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मेटारायझियम बुरशी द्यायची. ऊसवाले आणि भुईमूगवाले हेच करतात.

२) सरळ रेषेतला पिवळा

पायरीच्या कडेने एक चट्टा होता, चौकोनी, आखल्यासारखा. आबा बघताक्षणी म्हणाले, "हे देवाचं काम नाय, गवंड्याचं आहे." किडीला आणि रोगाला सरळ रेषा मारता येत नाही. रेष दिसली की माणसाने तिथे काय केलं ते विचारायचं.

पहार मारली, चार इंचांवर खणकन वाजली. बांधकामाचा मलबा, सिमेंटचे तुकडे, चुना. दोन घमेली निघाली. अशा ठिकाणी माती कमी, ती लवकर तापते, लवकर सुकते, आणि चुन्यामुळे लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही. पान जवळून बघितलं तर नवं पान पिवळं, शिरा हिरव्या. जुनं पान त्यामानाने बरं.

ही खूण पाठ करून ठेवा मंडळी, कारण ती आपल्या तरव्यातही लागते. नत्र कमी पडलं तर पिवळेपणा खालच्या, जुन्या पानापासून सुरू होतो, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. लोह असं हलत नाही, म्हणून लोह कमी पडलं की शेंडा आधी पिवळा-पांढरा होतो. पावसाने दडी मारली की गादीवाफ्यावरची रोपं शेंड्याकडून पांढरी पडतात, आणि वाफ्यात पाणी साचलं की आपोआप हिरवी होतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पाण्याखाली लोह विरघळून मुळाला मिळतं. त्या चार दिवसांत टाकलेल्या युरियाला आपण उगाच श्रेय देतो.

लॉनवर तात्पुरतं फेरस सल्फेट फवारता येतं. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुन्याची निवळी, संध्याकाळी. पण फरशीवर थेंब पडला तर तांबडा डाग जात नाही, तेवढं सांभाळा. आणि मलबा न काढता नुसतं फवारत बसलात तर जन्मभर फवारावं लागेल.

३) पाण्यात बसलेला पिवळा

कुंपणाच्या खालच्या कोपऱ्यात पाय ठेवला की पाणी वर येत होतं. उकरलं तर माती वास मारत होती, मुळं काळी. तिथे बांधकामाच्या वेळी जेसीबी फिरला होता आणि मुरूम दगडासारखा दाबला गेला होता. त्यावर आणून टाकलेलं लॉनचं कार्पेट काळ्या चिकण मातीतलं. वर चिकण, खाली दाबलेला मुरूम. पाणी मधेच अडकणार.

भातवाल्याला वाटतं, पाण्याने गवताला काय होतंय? आपण तर मुद्दाम चिखल करतो, तळ घट्ट करतो. पण भाताच्या खोडात हवेच्या नळ्या असतात, तो वरून हवा घेऊन मुळाला पोचवतो. हरळीचं कूळ तेच, पण तिला ती सोय तेवढी नाही. तिचं मूळ गुदमरतं. आणि मूळ गुदमरलं की पान पिवळं. तिथे खत टाकून उपयोग शून्य, खायला तोंडच राहिलेलं नसतं. आम्ही कडेने एक चर काढला, आणि पहारीने वीत-वीत अंतरावर भोकं पाडून त्यात जाड वाळू भरली. एवढंच.

४) हिरव्या कड्यातला पिवळा

वाटेच्या कडेला हातभर रुंदीचे तीन-चार गोल. मध्ये जळालेलं आणि भोवती बाकी लॉनपेक्षाही गर्द हिरवं कडं. मालकांचा कुत्रा. मुतात नत्र असतं. मध्ये जास्त झालं म्हणून जळलं, कडेला बेताचं मिळालं म्हणून हिरवं झालं. मी युरियाची मूठ टाकून जे केलं तेच तो बिचारा रोज करत होता! लगेच बादलीभर पाणी ओतलं तर गवत वाचतं. औषध काही नाही.

५) तपकिरी कडेचा, पसरणारा पिवळा

हे खरे रोगाचे चट्टे. गोल, कडेला धुरकट-तपकिरी, सकाळी दवात कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा. मूळ शाबूत, पण पानाचा बुडखा कुजका, ओढलं की पान सुटून येतं. भाताला पर्णकोष करपा करते ती रायझोक्टोनिया बुरशी आपल्याला माहीत आहे. लॉनवर असे गोल चट्टे पाडणारी पण तीच. भातातला नियम इथेही तोच. युरिया जास्त, गर्दी जास्त, पान रात्रभर ओलं, की ही आली. म्हणजे मी युरिया टाकला आणि संध्याकाळी पाणी मारलं ते तिच्यासाठी पंगतच वाढली.

आम्ही युरिया बंद केला. पाणी संध्याकाळचं सकाळवर नेलं. पहाटे लांब काठी गवतावरून फिरवून दव झाडायचं, पंधरा दिवस केलं. कापलेलं गवत उचलून बाहेर टाकलं, आणि मशीन रोगट भागात शेवटी फिरवली. पसरणं थांबलं. थांबलं नसतं तर बुरशीनाशक वापरलं असतं, नाही असं नाही. पण तेवढ्याच चट्ट्यावर, लेबलवर लिहिलंय तेवढंच, आणि पाऊस नसताना.

आता बघा. त्या यादीतल्या तीन बाटल्या आणि फोरेट टाकलं असतं तर पाचातला एखादा चट्टा कदाचित सुधारला असता. मलबा तसाच राहिला असता, पाणी तसंच, कुत्रा तसाच. आणि विहीर मात्र गेली असती.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. पिवळं दिसल्याबरोबर काहीतरी टाकायची जी सवय आपल्याला लागलीय, ती लॉनपेक्षा आपल्या खाचरात जास्त नुकसान करतेय. इंद्रायणीचं पीक जरा फिकं दिसलं की युरियाची गोणी फुटते. मग करपा येतो, मग फवारणी, मग मळणीला पळींज हातात. दुकानदार विकणारच, त्याचा तो धंदा आहे. प्रश्न आपला आहे. आपण खाली बसून बघायचं सोडलंय.

फार्महाऊसवाल्या मालक मंडळींना एक विनंती. फोटोत रंग दिसतो, मूळ दिसत नाही. हुकूम पाठवण्याआधी तुमच्याकडे राबणाऱ्या माणसाला विचारा, "तुला काय वाटतं?" त्याने गवताच्या कुळातलं पीक जन्मभर केलंय. आणि तो जे पाणी पितो ते तुमच्या लॉनखालूनच जातं.

कृषी पदवीधर मित्रांनाही तेच. व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला की औषधाचं नाव सांगायची घाई करू नका. आधी तीन गोष्टी मागा. मुळासकट उपटलेलं रोप, चार इंच खालची माती, आणि गेल्या पंधरा दिवसांत काय-काय केलं त्याची यादी. शंका राहिली तर माती परीक्षण आहेच. तिथे लॉनची मातीही चालते, लाजायचं काम नाही.

आणि आपल्या लोकांना, म्हणजे मला स्वतःला. युरियाने नुकसान झालं ते नंतर. खरी चूक त्याआधीची होती. मला पटत नव्हतं तरी मी गप्प बसलो. पगार जाईल म्हणून गप्प बसलो. शेवटी मालकांना घमेल्यातला मलबा आणि बाटलीत भरलेल्या अळ्या दाखवल्या तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेणखत माझंच होतं हेही त्याच दिवशी सांगून टाकलं.

अजून खात्री होत नसेल तर एक साधी परीक्षा करा. पिवळ्या भागात काठ्या रोवून दहा-दहा चौरस फुटांचे तीन चौकोन आखा. एकाला दहा ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या आणि वरून साधं पाणी द्या. दुसऱ्यावर वर सांगितलेली लोहाची फवारणी. तिसऱ्याला काहीच नाही. दहा दिवस थांबा. पहिला हिरवा झाला तर नत्र कमी, दुसरा झाला तर लोह. दोन्ही तसेच राहिले तर खताचा विषय संपला, मूळ आणि माती बघा. तिन्ही आपोआप हिरवे झाले तर गप्प बसा, हवामानाचं होतं. खाचरातही हे चालतं, खर्च चहाच्या कपाएवढा.

दिवाळीपर्यंत आमचे बहुतेक चट्टे भरून आले. आंब्याखालचा एक कोपरा अजून टक्कल आहे. तिथे ऊनच येत नाही, हरळी तिथे होणार नाही, हे मालकांना सांगून टाकलंय. आणि थंडीत सगळंच लॉन जरा पिवळसर होईल हेही आधीच सांगितलं. हरळी थंडीत झोपते, फाल्गुनात उठते. या वेळी युरियाचा निरोप आला नाही.

फवाऱ्याचा पंप जिथे टांगतो त्याच खुंटीला आता मी खुरपं अडकवलंय. पंप काढायचा तर आधी खुरपं हातात येतं.

तुमच्या तरव्यात, उसात, लॉनमध्ये असं पिवळं दिसलं असेल तर जरूर लिहा. फक्त फोटो पाठवाल तर मुळासकट पाठवा.

राम राम.